गोष्ट सांगणारा ऑक्टोपस मला झेपेल का? – वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच जातीच्या पुस्तकांबद्दल आली, म्हणजे ज्यात कुत्रा, मांजर, गोरिला नाहीतर चक्क ऑक्टोपस "मी" म्हणून गोष्ट सांगतो आणि मागच्या कव्हरवर "मन हेलावून टाकणारी", "उबदार" असं काहीतरी छापलेलं असतं. चौघांनाही विचारायचंय ते साधारण एकच, की हे पुस्तक माझ्यासाठी आहे का. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवलीयेत, यावेळी फक्त ही चार.

प्रश्न: ताई, माझं वय 67. मिस्टर जाऊन दीड वर्ष झालं. लेक अमेरिकेत, सिॲटलजवळ रेडमंडला असते. दिवाळीत आली तेव्हा तिने 'रिमार्कबली ब्राइट क्रीचर्स' नावाची कादंबरी आणली आणि म्हणाली, आई हे वाच, तुझ्यासाठीच आहे. उघडलं तर पहिल्याच पानावर ऑक्टोपस बोलतोय. मला प्राण्यांचं काही वेड नाही, घरात कधी मांजरही पाळलं नाही, आणि ऑक्टोपसचा तर फोटो बघूनच अंगावर काटा येतो. रोज इंग्रजी पेपर वाचते त्यामुळे भाषेची अडचण नाही, फक्त मोतीबिंदूमुळे सलग वाचवत नाही. लेकीचं मन मोडवत नाही म्हणून वाचायचं का, की मला खरंच आवडेल? – एक वाचक, सांगली

उत्तर: काकू, प्राण्यांचं वेड आहे की नाही हा मुद्दा आधी बाजूला ठेवा, कारण हे पुस्तक आवडायला त्याची काही गरज नाहीये. मार्सेलस, म्हणजे तो ऑक्टोपस, त्याची प्रकरणं अगदी छोटी छोटी आहेत आणि मधून मधून येतात, बाकी सगळं पुस्तक माणसांचं आहे आणि नेहमीच्या कादंबऱ्यांसारखंच लिहिलंय. मला विचाराल तर असल्या कुठल्याही कादंबरीत कोणता प्राणी बोलतोय हे बघत बसायचंच नाही, त्यातल्या माणसाचं काय हरवलंय ते बघायचं. प्राणी नुसता सांगणारा असतो, दुःख माणसाचं असतं, आणि ते दुःख आपल्याला आत्ता, या वर्षी, सोसवणार आहे का हे ठरवलं की अर्धं काम झालं.

इथलं माणूस म्हणजे टोवा सलिव्हन. सत्तरीची बाई, नवरा कॅन्सरने गेलाय, आणि त्याच्याही आधी, तीस वर्षांपूर्वी, एकुलता एक मुलगा अठराव्या वर्षी एका रात्री समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. नक्की काय झालं हे तिला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. ती रात्री गावातल्या ॲक्वेरियममध्ये सफाईचं काम करते, आणि पैशांची नड आहे म्हणून नाही हो, तर हात रिकामे राहिले की डोकं चालायला लागतं म्हणून. काचा पुसते, फरशी पुसते, दुसऱ्याने केलेली सफाई तिला पसंत पडत नाही. शेल्बी व्हॅन पेल्ट या लेखिकेची ही पहिलीच कादंबरी, 2022 मध्ये आली, आणि पहिलीच असूनही टोवा इतकी खरी उतरलीये की चार पानांत ती आपल्या ओळखीची होते. मला या पुस्तकात सगळ्यात जास्त आवडते ती तीच. कुणाकडे रडत जात नाही, कुणी कीव केलेली तिला चालत नाही, मैत्रिणींनी आणलेले डबे घेते आणि डबे धुऊन परत करायची काळजी तिला जास्त.

एक प्रसंग सांगते म्हणजे पुस्तकाचा पोत कळेल. हा मार्सेलस रात्री टाकीच्या फटीतून बाहेर पडतो, शेजारच्या टाक्यांमधलं काहीबाही खाऊन परत येतो, आणि पाण्याबाहेर फार वेळ राहिला तर आपलं काही खरं नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. एका रात्री तो स्टाफच्या खोलीत विजेच्या वायरींच्या गुंत्यात अडकतो. टोवा फरशी पुसायला येते, टेबलाखाली बघते तर हा. किंचाळत नाही, पळत नाही, वाकते आणि वायरी सोडवते. जाताना तो तिच्या हाताला विळखा घालतो आणि त्याचे गोल गोल वळ तिच्या हातावर उठतात, आणि मग ते वळ बघून गावातल्या लोकांना काळजी वाटते, हिला तर उलट त्यांचं काहीच वाटत नाही. बायकांनी वर्षानुवर्षं एकटीने घर सांभाळल्यावर असा अचानक कुणाचातरी हात हातात येणं म्हणजे काय, ते त्या वळांत आहे. तुम्हाला ऑक्टोपसची किळस वाटते म्हणता ना, तर या प्रसंगापर्यंत वाचा. इथे ती किळस थोडी जरी कमी झाली तर पुढे जा, नाही झाली तर पुस्तक खुशाल मिटून ठेवा, पुढे त्यांची दोस्ती वाढतच जाते.

तुमची लेक त्याच भागात राहते म्हणून अजून एक सांगते. टोवाचं सोवेल बे हे गाव कल्पनेतलं आहे पण सिॲटलजवळच्या समुद्राचा, प्यूजेट साउंडचा, तो किनारा खरा, आणि मार्सेलस ज्या जातीचा आहे ती जात त्याच पाण्यातली, जायंट पॅसिफिक ऑक्टोपस. तीन हृदयं, निळं रक्त, आणि मज्जापेशींचा मोठा हिस्सा डोक्यात नसून हातांमध्ये. सिॲटल ॲक्वेरियममध्ये या जातीच्या ऑक्टोपसवर एक प्रयोग झाला होता, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सारखेच कपडे घातलेली दोन माणसं, एक रोज खाऊ घालायचा आणि दुसरा खरखरीत काठीने टोचायचा, आणि दोनेक आठवड्यांत ऑक्टोपस दोघांना वेगवेगळं ओळखायला लागले. 2016 मध्ये न्यूझीलंडच्या नेपियरमधल्या ॲक्वेरियममधून इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीतून निघून ड्रेनेजच्या पाइपातून थेट समुद्रात गेला, ती बातमी तर जगभर गाजली. म्हणजे माणूस ओळखणं, रात्री पळणं, हे लेखिकेने हवेतून आणलेलं नाही. पण मार्सेलस वाचू शकतो आणि दोन माणसांचे चेहरे, चालण्याची ढब बघून त्यांच्यात नातं असावं हे ताडतो. हे मात्र मानावंच लागतं. "असं कुठे असतं का" म्हणत प्रत्येक पानावर अडायची सवय असेल तर त्रास होईल.

आता जपून राहायच्या जागा. मिस्टरांच्या आठवणीने डोळे भरतील, पण या पुस्तकात नवऱ्याचं जाणं हे खरं जड नाहीये, मुलाचं न सापडणं जड आहे. तुमच्या घरात, माहेरी, कुठेही तरुण मूल गेलेलं असेल तर हे पुस्तक निदान यंदा तरी नको, असं मी स्पष्ट म्हणेन. दुसरी जागा जास्त जवळची आहे. टोवा आपल्या वडिलांनी बांधलेलं घर विकून म्हाताऱ्या माणसांच्या एका संकुलात राहायला जायचं ठरवते, कारण पुढे आजारी पडले तर माझं कोण करणार, हा प्रश्न तिला सोडत नाही. कपाटं रिकामी करणं, काय ठेवायचं काय द्यायचं, हे सगळं सविस्तर येतं. मुलगी परदेशात आणि आपण एकट्या, अशा घरात हा विषय निघालेला असतोच, आणि लेकीने "तुझ्यासाठीच आहे" म्हणून पुस्तक हातात ठेवलं त्यामागे तिलाही तुमच्याशी हेच बोलायचं असेल कदाचित, समोरासमोर बसून सुचत नसेल. म्हणून मन मोडायला नको एवढ्यासाठी वाचू नका, पण तिने हे का दिलं हे तिला फोनवर जरूर विचारा, पुस्तक पूर्ण झालं नसलं तरी विचारा.

मार्सेलस मरतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सगळे विचारतात. या जातीचं आयुष्य तीन ते पाच वर्षांचं, आणि तो स्वतःच पहिल्या प्रकरणात सांगतो की माझे आता 160 दिवस उरलेत, म्हणजे लेखिका काही लपवत नाही. पण टाकीत तडफडतानाचं दृश्य पुस्तकात नाही, तेवढं निर्धास्त राहा.

आणखी एक. मध्येच कॅमेरॉन नावाचा तिशीचा मुलगा येतो, नोकरी टिकत नाही, बँड सुटतो, सगळ्याचा दोष दुसऱ्यावर टाकतो, त्याची प्रकरणं लांबतात आणि चीड आणतात. तिथे पुस्तक टाकून देऊ नका, तो मुद्दामच तसा रंगवलाय. शेवटाकडे योगायोग बरेच आहेत आणि वाचणाऱ्याला कोडं आधीच सुटलेलं असतं, आपण फक्त टोवाला कधी कळतंय याची वाट बघत राहतो. मला ही वाट बघणं आवडलं. सगळं जुळून येणं ज्यांना खोटं वाटतं त्यांच्यासाठी हे पुस्तक नाही, पण दिवसभर घरात कुणी बोलायला नसताना संध्याकाळी अशी जुळून येणारी गोष्ट हाताशी असणं ही काही कमी गोष्ट नाही, निदान मी तरी त्याला कमी समजत नाही.

मोतीबिंदूचं म्हणालात तर लेकीला ऑडिओबुक फोनवर टाकून द्यायला सांगा. त्यात ऑक्टोपसचा भाग मायकल यूरी वाचतो आणि बाकीचा मॅरिन आयर्लंड, दोन वेगळे आवाज असल्यामुळे कोण बोलतंय हे लगेच कळतं.

प्रश्न: ताई, मी 26 वर्षांचा, पुण्यात जॉब करतो. आमचा ब्रूनो दोन महिन्यांपूर्वी गेला, मी सातवीत असल्यापासून तो होता. किडनी फेल झाली होती, शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शांत करायला सांगितलं आणि तेव्हा मी टेबलाजवळच होतो. एका मित्राने दोन पुस्तकं दिलीत, 'द आर्ट ऑफ रेसिंग इन द रेन' आणि 'अ डॉग्ज पर्पज', म्हणतो वाच म्हणजे रडून मोकळा होशील. दोन्हीत कुत्रा स्वतः गोष्ट सांगतो. कुठलं आधी वाचू?

उत्तर: आत्ता कुठलंच नको. मित्राचं मन चांगलं आहे, पण बहुतेक त्याने ही पुस्तकं तुझ्या जागी बसून वाचली नसावीत.

'अ डॉग्ज पर्पज' हे डब्ल्यू. ब्रूस कॅमेरॉनचं, 2010 चं. कल्पना अशी की एकच कुत्रा मरतो, पुन्हा जन्मतो, पुन्हा मरतो, आणि प्रत्येक जन्मात आपण कशासाठी आलोय हे शोधतो. आपल्याकडे पुनर्जन्म काही नवीन नाही त्यामुळे वाचायला सोपं जातं, आणि खूप लोकांना त्यातून धीर येतो हेही खरं आहे. पण पुन्हा जन्मायचं तर आधी मरावं लागतं, आणि त्यातला पहिलाच मृत्यू हा कुत्र्याला मुद्दाम शांत करण्याचा आहे, पुढचा मोठा मृत्यूही डॉक्टरकडच्या टेबलावरचा, आणि तो कुत्र्याच्या बाजूने सांगितलेला आहे. तू त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा होतास त्याला दोनच महिने झालेत. काहींना अशा वेळी तेच वाचून बरं वाटतं की त्याला दुखलं नसेल, त्याला आपण जवळ असल्याचं कळलं असेल. पण ते लेखकाने रचलेलं आहे, आणि रात्री दोन वाजता मन ते मानत नाही, मन म्हणतं माझ्या ब्रूनोला तसं वाटलं असेल कशावरून. या प्रश्नाला कादंबरी पुरी पडत नाही. ज्या डॉक्टरांनी त्याला बघितलं त्यांना पुन्हा एकदा जाऊन भेट, किडनी गेल्यावर त्याला किती त्रास होत होता हे त्यांच्या तोंडून ऐक, त्याचा उपयोग जास्त होईल.

'द आर्ट ऑफ रेसिंग इन द रेन' हे गार्थ स्टाइनचं, 2008 चं, आणि दोघांत पुस्तक म्हणून हे मला जास्त भावतं. एन्झो नावाचा कुत्रा सबंध गोष्ट सांगतो, त्याचा मालक डेनी सिॲटलमध्ये राहतो आणि रेसिंग ड्रायव्हर आहे. एन्झो टीव्ही बघतो, त्याने मंगोलियातली एक डॉक्युमेंटरी बघितलीये आणि तेव्हापासून त्याला खात्री आहे की पुढचा जन्म माणसाचा. बोलता येत नाही याचं त्याला फार दुःख आहे. पण इथेही सुरुवातच म्हाताऱ्या, उठता न येणाऱ्या, घाण होऊन जमिनीवर पडलेल्या कुत्र्यापासून होते आणि मालक दारातून आत येतो. तू हे पान ओलांडू शकशील का, मला शंका आहे. त्याशिवाय मुळात ही गोष्ट डेनीची आहे, बायकोला मेंदूचा ट्यूमर, मग मुलीच्या ताब्यासाठी सासू-सासऱ्यांशी कोर्टात भांडण, त्यात त्याच्यावर खोटा लैंगिक अत्याचाराचा आरोप. उबदार म्हणून विकलं जातं पण मधला भाग बऱ्यापैकी कडवट आहे.

मग काय वाचायचं? काही महिने जाऊ दे, घरात त्याची वाटी दिसली तरी गलबलून येणं जरा कमी होऊ दे, आणि मग हिरो अरिकावा या जपानी लेखिकेचं 'द ट्रॅव्हलिंग कॅट क्रॉनिकल्स' घे, जपानीत 2012 मध्ये आलं, इंग्रजी अनुवाद फिलिप गॅब्रिएलचा. त्यात नाना नावाचं मांजर आहे, पूर्वी रस्त्यावरचं, शेपटीला आकड्यातल्या सातासारखा बाक आहे म्हणून नाना, जपानीत सात म्हणजे नाना. त्याचा मालक सातोरू त्याला व्हॅनमध्ये घालून जपानभर फिरतो, जुन्या मित्रांकडे, कारण मांजर ठेवून घेणारं कुणीतरी त्याला हवंय. का हवंय हे सातोरू सांगत नाही, पण आपल्याला लवकरच कळायला लागतं. इथे निरोपाची दिशा उलटी आहे. तू जे भोगलंस त्यात प्राणी गेला आणि माणूस मागे राहिला, इथे काळजी आहे ती मागे राहणाऱ्या प्राण्याची. नाना तिरसट आहे, प्रेम दाखवत नाही, स्वतःला फार शहाणा समजतो, आणि मालकाला सोडायची त्याची तयारी काही केल्या होत नाही. ब्रूनोने दारात बसून तुझी वाट बघितलेल्या संध्याकाळी तुला त्यात दिसतील, आणि टेबल दिसणार नाही. रडू येईल, भरपूर येईल, पण ते वेगळं असेल.

आणि मित्राला सांग की पुस्तकं ठेवून घेतोय, नंतर वाचेन. त्याला वाईट वाटणार नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, अमरावतीचा. मेळघाटात बरीच वर्षं काढली. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' मी किती वेळा वाचलंय सांगता येणार नाही. सुनेने तिच्या बुक क्लबचं बोलक्या मांजराचं एक पुस्तक दिलं, दहा पानांत कंटाळलो. प्राण्याच्या तोंडी माणसाची भाषा घालणं मला लबाडी वाटते. माझंच काही चुकतंय का, की अशी पुस्तकं माझ्यासाठी नाहीतच?

उत्तर: सर, तुमचं काही चुकत नाहीये, आणि 'सत्तांतर' ज्याने मनापासून वाचलंय त्याला हे वाटणारच. 1982 चं ते पुस्तक, 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, आणि त्यातली वानरं एक शब्दही आपल्यासाठी बोलत नाहीत. टोळीवर नवा नर ताबा मिळवतो, आधीच्याची पिल्लं मारली जातात, माद्या काही काळ झुंजतात आणि मग जगायला लागतात. धारवाडजवळ सुगियामा या जपानी संशोधकाने 1960 च्या दशकात लंगुरांमध्ये हे बघून नोंदवलं होतं, पुढे अबूच्या डोंगरावर सारा हर्डी यांनी वर्षानुवर्षं तेच अभ्यासलं. माडगूळकर ते सगळं मराठी रानाच्या भाषेत आणतात आणि कुठेही आपल्याला रडवायला जात नाहीत. मेळघाटात ज्याने वानरांच्या टोळ्या डोळ्यांनी बघितल्यात त्याला मग मांजराने व्हॅनमध्ये बसून मालकाच्या मैत्रीवर बोललेलं गोड लागणं कठीण आहे. सुनेला तसं सांगा, तिचं पुस्तक वाईट आहे असं न म्हणता सांगा. वर मी नानाची शिफारस केलीये, आणि तुम्हाला मात्र ती मी करणार नाही.

लबाडी हा शब्द मात्र मला सगळ्यांना लावावासा वाटत नाही. प्राण्याला बोलतं करण्यामागे कधी कधी एक ठरवलेलं काम असतं. ॲना स्यूएलचं 'ब्लॅक ब्यूटी' घ्या, 1877 चं. लहानपणीच पायाला दुखापत झाल्यामुळे तिला चालणं जड जायचं, घोडागाडीशिवाय कुठे जाता यायचं नाही, आणि त्यामुळे घोडे तिने आयुष्यभर जवळून बघितले. त्या काळी इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांची मान दिमाखदार दिसावी म्हणून एका जादा लगामाने वर ताणून बांधायची फॅशन होती. चढावर घोड्याला मान खाली घालून जोर लावता यायचा नाही, श्वास कोंडायचा, मानेचे स्नायू दुखायचे. हे घोड्याच्याच तोंडून सांगितल्यामुळे गाडीत बसणाऱ्यांना पहिल्यांदा कळलं की पुढे काय चाललंय. स्यूएल पुढच्याच वर्षी, 1878 मध्ये, गेली, पण त्या लगामाविरुद्धच्या चळवळीला या पुस्तकाने मोठा जोर दिला. त्यातलं जिंजर नावाच्या घोडीचं प्रकरण वाचा, दोनच पानं आहेत, त्यात कुठे गोडवा नाही.

आणि थोडं तिखट चालत असेल तर नात्सुमे सोसेकीचं 'आय ॲम अ कॅट', जपानमध्ये 1905-06 मध्ये मासिकातून क्रमशः आलं. त्यातल्या मांजराला शेवटपर्यंत नाव मिळत नाही, ते एका शाळामास्तराच्या घरी राहतं आणि मास्तर, त्याचे मित्र, त्यांच्या गप्पा, पोकळ विद्वत्ता, सगळ्यांची निर्दय हजेरी घेतं. अरिकावाची कादंबरी याच पुस्तकाला नमस्कार करून सुरू होते, पण दोघांची जात अगदी वेगळी. सोसेकीचं मांजर माणसांना बघण्यासाठीची एक खिडकी आहे, त्याला कुणाचं मन जिंकायचं नाहीये. लांबलचक आहे, गोष्ट अशी पुढे सरकत नाही, त्यामुळे सलग न वाचता एकेक प्रकरण वाचा. शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला स्टाफरूम ओळखीची वाटेल.

प्रश्न: माझी मुलगी 10 वर्षांची आहे, इंग्लिश मीडियम, प्राणी म्हणजे जीव की प्राण. 'द वन अँड ओन्ली आयव्हन' तिच्या शाळेच्या यादीत आहे. गोरिला गोष्ट सांगतो म्हणे. ती फार हळवी आहे, सिनेमात हत्ती रडला तरी जेवत नाही. देऊ का? – एक आई, ठाणे

उत्तर: द्या, पण एकटीला देऊ नका. कॅथरीन ॲपलगेटचं हे पुस्तक 2012 चं, 2013 मध्ये त्याला न्यूबेरी मेडल, म्हणजे बालसाहित्याचा मोठा अमेरिकन पुरस्कार, मिळालं. प्रकरणं इतकी छोटी की काही तर अर्ध्या पानाची, वाक्यं लहान लहान, कारण आयव्हन कमी बोलणारा आहे. तो एका मॉलमध्ये पिंजऱ्यात राहतो, चित्रं काढतो, शेजारी स्टेला नावाची म्हातारी हत्तीण आणि बॉब नावाचा भटका कुत्रा, आणि मग तिथे रूबी नावाचं हत्तीचं पिल्लू आणतात.

आयव्हन नावाचा गोरिला खरंच होता. लहानपणीच आफ्रिकेतून पकडून आणलेला, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा गावच्या एका मॉलमध्ये 27 वर्षं काँक्रीटच्या खोलीत राहिला, लोकांनी आवाज उठवल्यावर 1994 मध्ये त्याला झू अटलांटाला नेलं, तिथे त्याला पुन्हा गवत आणि दुसरे गोरिला मिळाले, आणि पुस्तक आलं त्याच वर्षी, 2012 मध्ये, तो गेला. हळव्या मुलीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे पुस्तकभर तिला एवढं माहीत असेल की हा इथून सुटणार आहे. मोठ्यांसाठी हा स्पॉइलर असेल, दहा वर्षांच्या मुलीसाठी तो आधार आहे.

तुम्हाला माहीत हवं ते असं: आयव्हनच्या आईवडिलांना शिकाऱ्यांनी मारल्याचं येतं, आणि पुस्तक निम्मं व्हायच्या आत स्टेला दुखऱ्या पायाच्या आजाराने मरते, तिच्यावर वेळेवर उपचार झालेले नसतात. मुलं इथेच अडतात, त्यांना दुःखापेक्षा राग जास्त येतो की मालकाने डॉक्टरला का नाही बोलावलं. तो राग येऊ द्या, त्यावर तिच्याशी बोला. स्टेलाचं प्रकरण जवळ आलं की झोपताना वाचू नका, शनिवारी सकाळी दोघी मिळून वाचा, आणि त्याच बैठकीत पुढची काही पानंही वाचून टाका, म्हणजे आयव्हन रूबीसाठी काहीतरी करायचं ठरवतो तिथपर्यंत ती पोचेल.